वाशीतील विज्ञानकथा आणि खेळणी-संग्राहक मेळा : माळ्यावरचा डबा सोबत न्यावा का?

कळवेकर_मामा (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात वाशीत विज्ञानकथाप्रेमींचा आणि जुन्या खेळण्यांच्या संग्राहकांचा दोन दिवसांचा मेळा भरत आहे. माझ्या तेरा वर्षांच्या भाचीने त्याची जाहिरात पाहिल्यापासून घरात दुसरा विषय नाही, आणि तिला घेऊन जाण्याचे काम अर्थातच मामाकडे आले आहे. अशा मेळ्याला मी यापूर्वी कधीही गेलेलो नाही, म्हणून येथील जाणकारांना विचारावे आणि मगच तिकिटे काढावीत असे ठरवले.

भाचीला स्वतः तयार केलेला अंतराळ-सैनिकाचा पोशाख घालून यायचे आहे. शिरस्त्राण पुठ्ठ्याचे करावे की आणखी कशाचे, आणि तो सगळा सरंजाम घेऊन ठाण्याहून लोकलने जाणे जमेल का, हा तिचा प्रश्न. माझा प्रश्न निराळा आहे. आईच्या घरी माळ्यावर गोडेतेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आहे आणि त्यात साधारण १९८८ ते १९९३ या काळातील माझी आणि धाकट्या भावाची खेळणी आहेत. गेल्या रविवारी तो खाली उतरवला. आत ही-मॅनच्या मालिकेतील सहा फिगर (हात-पाय हलणारे छोटे खेळण्यातले पुतळे), जी. आय. जो या सैनिकांच्या मालिकेतील चौदा, काही मोटारी आणि सेलवर चालणारा एक रोबो निघाला, जो पूर्वी चालता चालता मध्येच थांबून छातीची दारे उघडत असे. एकाही वस्तूचे खोके किंवा ती ज्यावर चिकटवून विकत ते पुठ्ठ्याचे कार्ड शिल्लक नाही, कारण त्या त्या वर्षीच्या दिवाळीच्या साफसफाईत आईने ते सगळे रद्दीवाल्याला घातले.

विकण्याचा विचार मनात येतो, पण हात एकदा पोळला आहे. दोन वर्षांपूर्वी याच डब्यातील दोन फिगर मी सहज म्हणून एका दुकानदाराला दाखवल्या. त्याने त्या उलटसुलट करून पाहिल्या, "हल्ली याला कोण विचारतो" असे म्हटले आणि दोन्ही मिळून तीनशे रुपये हातावर ठेवले. पुढच्याच आठवड्यात त्यांतील एक मला इंटरनेटवर बावीसशे रुपयांना विक्रीस लावलेली दिसली. ती तीच होती याबद्दल शंका नाही, कारण तिच्या डाव्या पोटरीवर भावाने कर्कटकाने कोरलेला 'अ' छायाचित्रात स्पष्ट दिसत होता. पैशांचे एवढे वाटले नाही. आपल्याला काहीच कळत नाही, हे त्याला पहिल्या मिनिटाला कळले, याचे वाईट वाटले.

तेव्हा हा डबा मेळ्यात न्यावा का, नेल्यास त्याआधी काय पाहून ठेवावे, आणि तेथे भाव कोणाला विचारावा, हे कृपया सांगावे.


साचा_ऐरोली

मामा, डबा नेऊ नका. त्यातील तीन वस्तू न्या आणि बाकीच्यांची छायाचित्रे न्या. अख्खा डबा टेबलावर ठेवला की समोरच्याच्या मनात प्रत्येक वस्तूचा नव्हे, तर डब्याचा भाव सुरू होतो, आणि तो नेहमी भंगाराच्या अंगाने जातो. मी गेली पंधरा वर्षे हा नाद करतो आहे आणि सुरुवातीच्या काळात दोनदा असाच नागवला गेलो आहे.

घरी बसून करण्याचे पहिले काम म्हणजे प्रत्येक फिगर पालथी करून, भिंगाखाली, तिरप्या उजेडात तिच्या पाठीवरचा, कमरेवरचा किंवा पोटरीमागचा ठसा वाचणे. येथे नवखा माणूस हमखास फसतो तो सालात. ठशातले साल हे त्या साच्याच्या स्वामित्वहक्काचे असते, वस्तू तयार झाल्याचे नव्हे. ही-मॅनच्या पाठीवर १९८१ असते, पण ती मालिका अमेरिकेच्या बाजारात आली १९८२ मध्ये, आणि आपल्याकडे लिओ या नावाने मूळ अमेरिकी कंपनी मॅटेलच्या परवान्याखाली निघालेल्या फिगर त्याहूनही नंतरच्या. हॉट व्हील्सच्या मोटारींच्या तळाशी असलेल्या सालाचेही तेच. त्यामुळे "१९८१ ची आहे" असे छातीठोकपणे सांगणारा विक्रेता एक तर अजाण असतो किंवा तुम्हाला अजाण समजत असतो. साल बाजूला ठेवून देशाचे नाव शोधा. भारतात तयार झाल्याचा ठसा सापडला तर ती फिगर वेगळी काढा.

असे सांगण्यास कारण आहे. तुमच्या जी. आय. जो बहुधा फनस्कूलच्या असाव्यात. एमआरएफच्या गटातील या कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून मूळ अमेरिकी कंपनी हॅस्ब्रोच्या परवान्याने त्या भारतात तयार केल्या. साचे मूळचेच होते, पण रंग मात्र पुष्कळदा इकडचे स्वतंत्र. अमेरिकेत जो सैनिक करड्या गणवेशात विकला गेला, तो येथे पिवळ्याधमक पट्ट्यांत किंवा भडक निळ्यात निघाला, असे प्रकार त्यांत भरपूर आहेत. लहानपणी आपल्याला ते रंग नेहमीचेच वाटत होते. अमेरिकेतील मालिका १९९४ मध्ये थांबल्यावरही भारतात उत्पादन चालू राहिले आणि तिकडच्या संग्राहकांनी ह्या आपल्या फिगर मुद्दाम मागवून घेतल्या. त्यामुळे रंग विचित्र दिसला म्हणून नकली ठरवू नका. उलट नीट पाहा.

दुसरे, अंगठे. जी. आय. जो हातात घेतल्यावर जाणता माणूस आधी चेहरा पाहत नाही, अंगठे पाहतो. लहान मुलांनी बंदूक मुठीत कोंबताना तो केसाएवढा अंगठा तुटलेला असतो, आणि दोन्ही अंगठे शाबूत असलेली फिगर अंगठा गेलेल्या फिगरच्या दुप्पट-तिप्पट किमतीला जाताना मी पाहिली आहे. तेव्हा आता कौतुकाने हातात शस्त्र बसवून पाहू नका. तीस वर्षांचे प्लास्टिक कडक झालेले असते.

तिसरे म्हणजे, तुमच्या काही फिगर कमरेत लुळ्या पडल्या असतील किंवा हातात घेताच दोन तुकडे होतील. घाबरू नका, त्या मोडलेल्या नाहीत. या फिगरच्या पोटात एक काळी रबरी ओ-रिंग असते आणि तीच धड व पाय एकत्र ओढून धरते. रबर वाळते, चिरते, तुटते. पाठीतला एकुलता स्क्रू काढला की छाती आणि पाठ अशी दोन शकले सुटतात आणि नवी रिंग पायांच्या आकड्यात अडकवून ती पुन्हा बसवता येते. मात्र स्क्रूच्या खाचेला नेमका बसणारा पेचकस घ्या. खाच झिजवलीत तर दुरुस्ती झाली तरी किंमत गेली.

भाव विचारायचा असेल तर पहिल्या दिवशी दुपारपर्यंत फक्त फिरा. आपल्याकडे असलेली फिगर दोन-तीन टेबलांवर दिसली की "ही केवढ्याला?" असे गिऱ्हाईक म्हणून विचारा आणि वहीत टिपून ठेवा. विकणारा म्हणून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वेगळे असते.


नौपाडा_शिवणकाम

भाचीच्या प्रश्नाकडे कोणी वळलेले दिसत नाही, म्हणून मी लिहिते. माझ्या दोन्ही मुलींचे असले पोशाख गेली काही वर्षे माझ्याच यंत्रावर तयार होत आहेत.

पुठ्ठ्याचे शिरस्त्राण करू नये. घामाने ते तासाभरात मऊ पडते आणि हनुवटीपाशी चिघळते. ईव्हीए फोम वापरावा. लहान मुलांच्या खोलीत अंथरण्याच्या, एकमेकांत अडकणाऱ्या रंगीत चटया त्याच वस्तूच्या असतात. त्या छातीच्या चिलखताला चालतात, पण शिरस्त्राणासाठी पाच-सहा मिलिमीटर जाडीचा सपाट तक्ता हवा. आधी डोक्यावर ओढणी बांधून तीवर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म आणि चिकटपट्टी गुंडाळावी, पेनाने जोडांच्या रेषा काढाव्यात आणि ते कवच कापून सपाट पसरावे. तोच कागदी बेत. ज्यांनी ब्लाउज बेतला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. डोके म्हणजे चार टक्स जास्त असलेली बाही, एवढेच.

पात्याच्या बाबतीत कंजूषपणा करू नये. बोथट पात्याने फोम कापला जात नाही, कुरतडला जातो, आणि तो जोड रंगाखालीही लपत नाही. चिकटवायला पांढरा गोंद नव्हे, तर चपला-सोफ्यांसाठी वापरतात तो पिवळसर रबरी गोंद लागतो. दोन्ही कडांना लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहा मिनिटे थांबून मगच कडा जुळवाव्यात, कारण एकदा टेकल्या की सरकवता येत नाहीत. त्याचा वास डोक्यात जातो. खिडकी उघडी ठेवावी आणि हे काम मामाने करावे, भाचीने नव्हे. पांढऱ्या गोंदाचे काम नंतर येते. पाणी घालून त्याचे तीन-चार हात फोमवर दिले म्हणजे रंग आत शोषला जात नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. डोळ्यांची फट भाचीला हवी असेल त्याच्या दीडपट ठेवा आणि मागे मानेपाशी वारा जाण्यास दोन बोटांची जागा सोडा. डिसेंबर असला तरी वाशीत खाडीचा दमटपणा असतोच, आणि मागच्या एका मेळ्यात माझ्या धाकटीला शिरस्त्राणाच्या आत इतकी वाफ धरली की ती सरळ खांबाला धडकली. पोशाख घालून लोकलमध्ये चढू नये. कपड्यांच्या मोठ्या पिशवीत सुटे भाग न्यावेत आणि तेथे पोहोचल्यावर घालावेत. बंदूक किंवा तलवार, कितीही खोटी असली, तरी ती कापडात गुंडाळलेली असावी. स्थानकावरच्या पोलिसाला विज्ञानकथा वाचलेली असण्याची सक्ती नाही. सोबत सेफ्टी पिना, काळी चिकटपट्टी, रबरी गोंदाची छोटी ट्यूब आणि सुती टॉवेल ठेवावा.

गाडीबद्दल एक. ठाण्याच्या पूर्वेकडील ट्रान्सहार्बरच्या फलाटावरून सुटणारी प्रत्येक गाडी वाशीला जात नाही. तुर्भ्यानंतर मार्ग फुटतो. पनवेल आणि नेरूळच्या गाड्या जुईनगरकडे वळतात, वाशीची सानपाड्याकडे. चुकून पनवेल गाडीत बसलात तर तुर्भ्याला उतरावे. रविवारी मेगाब्लॉक आहे का हे आदल्या रात्री पाहावे, किंवा सरळ शनिवारी जावे.


जुना_वाचक

चर्चा वाचून आनंद झाला, पण एक शंका विचारल्यावाचून राहवत नाही. मेळा विज्ञानकथाप्रेमींचा आहे असे आपण म्हणता आणि आतापर्यंत अंगठे, रबर, गोंद आणि बाही यांखेरीज दुसरे काही निघालेले नाही. मी अशा दोन मेळ्यांना जाऊन आलो आहे. छापील टी-शर्ट, मोठ्या डोक्याच्या बाहुल्या, किल्ल्या अडकवायच्या साखळ्या आणि कर्णकर्कश संगीत. विज्ञानकथेचे पुस्तक हुडकायला दिवा घेऊन फिरावे लागले, आणि मराठी तर एकही नव्हते.

ज्या भाषेत मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांच्या स्पर्धा घेतल्या, आणि जयंत नारळीकरांसारख्या जगन्मान्य शास्त्रज्ञाने आपल्या नावाचा परीक्षकांवर दबाव नको म्हणून १९७४ साली स्वतःची आद्याक्षरे उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावाने आपली पहिली कथा त्या स्पर्धेत धाडली आणि पहिले बक्षीस मिळवले, त्या भाषेच्या मुलुखात भरणाऱ्या मेळ्यात हे चित्र असावे, याचे मला वैषम्य वाटते. तेरा वर्षांच्या मुलीला पोशाख जरूर शिवून द्या, पण त्या पोशाखातला माणूस कोणत्या ग्रहावरून आला आणि तेथे श्वास कसा घेतो, हेही तिला कोणीतरी विचारावे.


नौपाडा_शिवणकाम

जुना_वाचक, आपला आक्षेप पुस्तकांपुरता मला पूर्णपणे मान्य आहे. पोशाखापुरता नाही. विज्ञानकथाप्रेमींचे पहिले जागतिक संमेलन १९३९ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला झाले, तेव्हा जमलेली शे-दोनशे माणसे अस्सल वाचकच होती, आणि त्याच संमेलनात मर्टल डग्लस या वाचक बाईंनी स्वतः शिवलेला भविष्यकाळातला पोशाख स्वतःही घातला आणि आपल्या मित्रालाही घालायला लावला. तेव्हा शिवणयंत्र या नादात बाजारामागून आलेले नाही, पहिल्या दिवसापासून आहे. श्वास कसा घेतो हा प्रश्न मात्र फार चांगला आहे; शिरस्त्राणाला हवेची भोके कोठे पाडायची हे त्यावरूनच ठरते.


टेबलामागचा_कोपरखैरणे

मी अशा मेळ्यांत टेबल लावतो, त्यामुळे दुसरी बाजूही मांडतो. मामांच्या बाबतीत त्या दुकानदाराने जे केले त्याचे समर्थन मी करणार नाही. निदान "याला कोण विचारतो" हे खोटे वाक्य त्याने बोलायला नको होते. पण तीनशेत घेतलेल्या दोहोंपैकी एक बावीसशेला लावली म्हणजे ती बावीसशेला विकली गेली असे होत नाही. इंटरनेटवर कोणीही काहीही किंमत लावू शकतो. लावलेली किंमत पाहू नका, व्यवहार झालेली किंमत पाहा.

मी स्वतः सुटी फिगर विकत घेताना, ती ज्या भावाला जाईल असे वाटते त्याच्या निम्म्याच्या आसपास देतो. ऐकायला ते कमी वाटते. टेबलाचे भाडे, दोन दिवसांचा माणूस, आणि दहांतील चार वस्तू वर्षभर तशाच पडून राहणे, हे त्यात धरावे लागते. ज्याला पूर्ण भाव हवा असेल त्याने विक्रेत्याला न विकता संग्राहकाला विकावे; मात्र त्यासाठी संग्राहक भेटेपर्यंत थांबावे लागते.

आणखी एक त्रास आम्हाला बातम्यांचा होतो. स्टार वॉर्सच्या एका पात्राच्या पाठीवरून रॉकेट सुटणारी फिगर केनर कंपनीने १९७९ च्या सुमारास आखली होती. मुलांच्या घशात ते रॉकेट अडकेल या भीतीने ती विक्रीला आलीच नाही, पण तिचे काही नमुने शिल्लक राहिले. त्यातला हाताने रंगवलेला एक नमुना २०२४ साली अमेरिकेतील लिलावात ५,२५,००० डॉलरला गेला. ही बातमी वाचून त्या वर्षी माझ्या टेबलावर किमान दहा माणसे पिशवी घेऊन आली आणि पिशवीत निघाल्या जत्रेतल्या नकली फिगर. किंमत जुनेपणाची नसते हो. जी वस्तू जवळपास कोणाकडेच नाही आणि पुष्कळांना हवी आहे, तिची असते.

परदेशी वस्तू महाग का, असेही लोक भांडतात. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर गेले. त्यात वाहतूक मिळवा. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून मुलांच्या नव्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. तेव्हा भाचीसाठी नवे काही घेणार असाल तर ते चिन्ह पाहून घ्या, आणि "परदेशी आहे, त्याला लागत नाही" हे उत्तर मिळाले तर पुढच्या टेबलाकडे चला.


कळवेकर_मामा

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री भिंग आणि टॉर्च घेऊन बसलो. चौदांपैकी नऊ जणांचे दोन्ही अंगठे शाबूत आहेत. सहांच्या अंगावर भारताचा ठसा सापडला. एकाचा गणवेश पोपटी आहे आणि त्यावर नारिंगी पट्टा. हा रंग लहानपणी आम्हाला फार आवडत असे, म्हणून तो कायम सेनापती असायचा.

दोन नव्या अडचणी. ही-मॅनच्या फिगरपैकी दोघांचे हात-पाय चिकट लागतात, जणू पाकात बुडवून काढले आहेत, आणि त्यांच्याशेजारी पडलेल्या एका मोटारीच्या टपावर वितळल्यासारखा डाग पडला आहे. रोबोच्या पाठीचे झाकण उघडले तर आत जुने लाल सेल तसेच होते आणि पत्र्याच्या पट्ट्यांवर पांढरा-हिरवा थर साचला आहे. भाची म्हणते व्हिनेगर लावा. लावू का?


साचा_ऐरोली

थांबा, लावू नका. व्हिनेगरचा सल्ला आजच्या अल्कलाइन सेलसाठी बरोबर आहे; त्यातून गळते ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड अल्कधर्मी असते आणि सौम्य आम्लाने ते निकामी होते. तुमचे लाल सेल त्या काळचे जस्त-कार्बनचे असणार. त्यांची गळती मुळातच आम्लाकडे झुकणारी असते, म्हणून तेथे खाण्याचा सोडा पाण्यात कालवून कापसाच्या काडीने लावावा, पुसावा, मग स्वच्छ पाण्याची ओली काडी फिरवून पूर्ण कोरडे करावे. हातमोजे घालावेत. थर निघाल्यावरही पट्टी काळी राहिली तर बारीक पॉलिशपेपर हलकेच फिरवावा. नवे सेल लगेच घालून पाहण्याचा मोह आवरा. एक दिवस वाळू द्या.

चिकटपणाचे कारण प्लास्टिकच्या आत आहे. मऊ पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखे द्रव्य मिसळलेले असते, आणि माळ्यावरच्या उष्णतेत वर्षानुवर्षे ते हळूहळू पृष्ठभागावर येते. तेच द्रव्य शेजारच्या कडक प्लास्टिकला विरघळवते. मोटारीवरचा डाग त्याचाच. भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब कोमट पाण्यात टाकून, रंगवलेले भाग सोडून, मऊ ब्रशने धुवा. पुढे त्यांना हवाबंद पिशवीत कोंडू नका आणि एकमेकांना टेकवून ठेवू नका. पत्र्याचा डबा आणि माळा या दोन्ही गोष्टी आता बंद करा. कपाटातला खालचा कप्पा, सुती कापड आणि सिलिका जेलच्या दोन पुड्या, एवढ्यावर भागते.

रद्दीत गेलेल्या खोक्यांबद्दल आईंना काही बोलू नका. सर्वांच्याच आयांनी ती टाकली, म्हणून तर उरलेल्यांना मोल आले. १९७७ च्या नाताळात केनरकडे स्टार वॉर्सच्या फिगर तयारच नव्हत्या, तेव्हा त्यांनी दुकानांतून पुठ्ठ्याचे पाकीट विकले आणि त्यात एक प्रमाणपत्र घातले. ते पाठवले की पुढच्या वर्षी चार फिगर टपालाने घरी येणार. म्हणजे लोकांनी खेळण्याशिवाय नुसता पुठ्ठा विकत घेतला. आज संग्राहक त्या पुठ्ठ्याच्याही मागे आहेत. पण त्यामुळेच एक सावधगिरी: मेळ्यात "कार्डवरची, न उघडलेली" म्हणून जे मिळते त्याच्या कार्डावरील पारदर्शक प्लास्टिकच्या फुग्याची कड पाहा. कड पिवळी आणि फुगा स्वच्छ, किंवा गोंदाची रेघ एकाच बाजूला जाड, असे दिसले तर ती कोणीतरी उघडून पुन्हा चिकटवली आहे असे समजा.


कळवेकर_मामा

शनिवारी जाऊन आलो. येथे एवढे लिहिले गेले, तेव्हा काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

वाशीचीच गाडी पकडली. भाचीचे शिरस्त्राण पिशवीतून काढले तेव्हा उजव्या कानाजवळचा जोड सुटला होता. रबरी गोंदाची ट्यूब तेथेच कामी आली. तिने दोन तास ते घातले. हवेची भोके गालांच्या बाजूला आहेत, कारण तिच्या म्हणण्यानुसार त्या ग्रहावर धूळ समोरून येते. छायाचित्र काढण्यापूर्वी बहुतेकांनी तिला विचारले. एका गृहस्थांनी विचारले नाही, तेव्हा शेजारच्या पोशाखातल्या एका ताईंनीच त्यांना थांबवले. जुना_वाचक यांना सांगायचे तर मराठी पुस्तकांचे टेबल नव्हते, मात्र एका इंग्रजी जुन्या पुस्तकांच्या टेबलाखाली खोक्यात मराठी विज्ञान मासिकांचे काही अंक दोरीने बांधून ठेवलेले सापडले. साठ रुपयांत गठ्ठा मिळाला. विक्रेत्याला त्यांत काय आहे हे माहीत नव्हते, आणि या वेळी गप्प बसलो ते मी, हेही कबूल करतो.

तीन फिगर नेल्या होत्या. दुपारपर्यंत फक्त भाव टिपले. पोपटी सेनापती काढताच एका तरुणाने तो हातात घेतला आणि खरोखरच आधी अंगठे पाहिले. त्याने अठराशे देऊ केले. माझ्या वहीतल्या आकड्यांच्या मानाने ते वाजवी होते, पण त्याने तो ज्या पद्धतीने हळूच तळहातावर ठेवून परत केला ते पाहून मी विकले नाही. दुसऱ्या दोन विकल्या, त्याच मुलाला, दोन्ही मिळून एकवीसशेला, आणि वर त्याने ओ-रिंगांची एक पुडी दिली. परत येऊन रात्री गॅलरीत चार फिगरच्या कमरा बसवल्या. एकाचा स्क्रू घासला गेला, तो माझा दोष.

रोबोची पट्टी सोड्याने स्वच्छ झाली. नवे सेल घातल्यावर मोटार फिरते, आवाज येतो, डोळ्यांतले दिवे लागतात, पण तो चालत नाही. उघडून पाहिले तर पांढरे प्लास्टिकचे एक दातेरी चाक अक्षापाशी चिरले आहे आणि दांड्यावर नुसतेच घसरते. बाहेरचा व्यास कसाबसा मोजला तो चौदा मिलिमीटर भरला, दात बावीस, मधले छिद्र दोन मिलिमीटर. ठाण्यात किंवा नवी मुंबईत असे सुटे चाक कोठे मिळते, किंवा कोणाकडे मोडका रोबो पडून असेल तर कृपया कळवावे.